एक एप्रिलला हटकून अडणारी प्रोसिजर: दोन डेटाबेसमधला घोळ शोधायचा कसा

मार्च एंड उरकला की माझा फोन वाजायला लागतो. "दादा, काल रातीपर्यंत चालत होतं. आज बिलंच निघंनात." कोडला कुणी हात लावलेला नसतो, मशिन तेच असतं, आणि तरीही प्रोसिजर अडून बसलेली असते.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात बसतो आणि छोट्या धंद्यांची हिशेबाची, बिलिंगची सॉफ्टवेअर सांभाळतो. शाहूपुरीतले गुळाचे अडते, शिरोलीतल्या फाउंड्री, करवीर तालुक्यातल्या दूध संस्था अशी गिऱ्हाईकं. धंदे निरनिराळे, रचना मात्र सगळीकडं एकच. खातेदार, शेतकरी, मालाचे प्रकार हे कायमचं सामान एका डेटाबेसात. त्याला आपण 'मुख्य' म्हणू. दरवर्षीचे व्यवहार वेगळ्या डेटाबेसात, उदाहरणार्थ 'हिशेब_२४_२५'. आणि मुख्यमध्ये बसलेली एक स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे सर्व्हरवरच साठवलेला, नावानं हाक मारून चालवायचा कमांडचा गठ्ठा, जी दोन्हीकडं हात घालून थकबाकी काढते. वर्षागणिक डेटाबेस तोडायची ही पद्धत निम्मी जुन्या खतावण्यांच्या सवयीतून आलीय, निम्मी नाइलाजातून. फुकटच्या एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसमध्ये २००८ आर२ पासून २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. ही मर्यादा दर डेटाबेसची, म्हणून लोक डेटाबेस तोडतात.

खाली लिहिलेलं सगळं मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरबद्दल आहे. कमांडची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिलीत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची.

लक्षणं

• टेबल समोर दिसतंय, साधी क्वेरी (डेटाबेसाला विचारलेला प्रश्न) चालते, पण प्रोसिजर म्हणते "इनव्हॅलिड ऑब्जेक्ट नेम". एरर २०८.
• "इज नॉट एबल टू ॲक्सेस द डेटाबेस". एरर ९१६. ही ऑपरेटरला येते, आपल्याला येत नाही, त्यामुळं फोनवरून पटत नाही.
• "सिलेक्ट परमिशन वॉज डिनाइड". एरर २२९.
• "कॅनॉट रिझॉल्व्ह द कोलेशन कॉन्फ्लिक्ट". एरर ४६८. बहुतेक वेळा मशिन बदलल्यावर.
• दिवसा हातानं चालवली तर चालते, रात्रीच्या शेड्यूलवर पडते.
• कसलीच एरर नाही, पण आकडे गेल्या वर्षाचे.

शेवटच्या लक्षणाला मी सगळ्यात जास्त भितो. एरर आली तर काम थांबतं आणि फोन येतो. चुकीचा आकडा मात्र गुपचूप छापून शेतकऱ्याच्या हातात जातो.

आधी एरर पूर्ण वाचा

याला पैसाही लागत नाही आणि पाच मिनिटंही लागत नाहीत, तरी नव्वद टक्के लोक ही पायरी ओलांडून थेट प्रोसिजर उघडतात. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फोटोत नेमका एररचा नंबर कापलेला असतो. त्यातून बरीच सॉफ्टवेअर मूळ एरर गिळून "काहीतरी चूक झाली" एवढंच दाखवतात. म्हणून प्रोसिजर मॅनेजमेंट स्टुडिओतून (एसक्यूएल सर्व्हर हाताळायचा प्रोग्रॅम) थेट चालवा आणि तीन गोष्टी कागदावर लिहा: एररचा नंबर, कुठल्या प्रोसिजरमध्ये आली ते नाव, आणि ओळ क्रमांक. एक प्रोसिजर दुसरीला बोलावते, दुसरी तिसरीला. रडते तिसरी आणि आपण पहिलीला औषध देत बसतो.

नंबर का महत्त्वाचा? २०८ म्हणजे वस्तू सापडत नाही. ९१६ म्हणजे त्या डेटाबेसाच्या दारातच अडवलं. २२९ म्हणजे दारातून आत सोडलं, पण कपाटाला कुलूप आहे. या तिन्हींची औषधं वेगळी आहेत.

कुठं उभे आहात ते बघा

एकाच मशिनवर दोन इन्स्टन्स, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरच्या दोन स्वतंत्र प्रती, असणं आपल्याकडं फार. जुन्या सॉफ्टवेअरनं एक टाकलेला असतो, नव्यानं 'एसक्यूएलएक्सप्रेस' नावाचा दुसरा. नवा वर्षाचा डेटाबेस एकात तयार झाला आणि प्रोसिजर दुसऱ्यात बसलीय, असं माझ्याबरोबर तीनदा झालंय. 'सिलेक्ट सर्व्हरप्रॉपर्टी' वापरून सर्व्हरचं नाव विचारा. '@@सर्व्हरनेम'वर विसंबू नका, कारण विंडोजमध्ये मशिनचं नाव बदललं तरी ते जुनंच नाव सांगत राहतं, जोपर्यंत कुणी सर्व्हरची नोंद हातानं बदलत नाही.

मग डेटाबेस. मॅनेजमेंट स्टुडिओत वरच्या यादीत तुम्ही 'हिशेब_२४_२५' निवडलेला असतो, म्हणून नुसतं 'व्यवहार' लिहिलेली क्वेरी चालते. पण प्रोसिजर त्या यादीला विचारत नाही. तिच्यात नुसतं टेबलाचं नाव असेल तर ती ते स्वतःच्या घरात, म्हणजे जिथं ती बनवली त्या डेटाबेसात शोधते. तुम्ही कुठूनही हाक मारा, ती घरातच बघणार. खात्री करायची तर प्रोसिजरच्या आत 'सिलेक्ट डीबी_नेम()' टाकून बघा. ती आपल्या घराचंच नाव सांगेल.

म्हणून दुसऱ्या डेटाबेसातल्या टेबलाला तिहेरी नाव लागतं: डेटाबेस, स्कीमा (डेटाबेसातला टेबलांचा कप्पा), टेबल, मधे टिंब. स्कीमाच्या जागी काही न लिहिता दोन टिंबं देऊन भागतं खरं, पण मग सर्व्हर त्या युजरचा ठरलेला स्कीमा धरतो. तो प्रत्येकाचा 'डीबीओ'च असेल असं नाही. पूर्ण लिहा.

नव्या मुलांचा पहिला प्रयत्न असतो प्रोसिजरच्या सुरुवातीलाच 'यूज हिशेब_२४_२५' लिहायचा. ते चालत नाही. एरर १५४ येते, प्रोसिजरमध्ये 'यूज'ला परवानगीच नाही.

इथं एक फसवी गोष्ट लक्षात असू द्या. प्रोसिजर तयार करताना त्यातलं टेबल अस्तित्वात नसलं तरी सर्व्हर तक्रार करत नाही, "कमांड यशस्वी" म्हणून मोकळा होतो. टेबल खरोखर आहे का, हे तो चालवायच्या वेळी बघतो. त्यामुळं "प्रोसिजर व्यवस्थित बनली होती हो" या वाक्याला पुरावा म्हणून शून्य किंमत.

डेटाबेस जागेवर आहे का, आणि नाव नीट लिहिलंय का

'सिस डेटाबेसेस' या यादीत प्रत्येक डेटाबेसाची स्थिती दिसते. 'ऑनलाइन'शिवाय काहीही दिसलं तर प्रोसिजरचा दोष नाही. रिस्टोअर अर्धवट सोडला असेल तर एरर ९२७ येते, ऑफलाइन असेल तर ९४२. रिस्टोअर करण्यासाठी कुणीतरी 'सिंगल युजर' केलं आणि परत 'मल्टी युजर' करायचं विसरलं, हाही नेहमीचा प्रकार; त्याची एरर ९२४.

नावाचं म्हणाल तर एका फाउंड्रीत अकाउंटंटसाहेबांनी स्वतःच नवा डेटाबेस बनवला आणि नाव दिलं २०२३-२४. मधली आडवी रेघ सर्व्हरच्या हिशेबी वजाबाकी. चौकोनी कंसात नाव घातल्याशिवाय ती क्वेरी कधीच चालणार नाही. नावात अंडरस्कोअर वापरा, सुरुवात अक्षरानं करा, आणि डेटाबेस बनवायचा अधिकार अकाउंटंटला देऊ नका.

जुन्या वर्षाचं नाव कुठं कुठं लपलंय

आता माझीच एक चूक सांगतो. शाहूपुरीतल्या एका अडत्याकडं थकबाकीच्या प्रोसिजरमध्ये वर्षाच्या डेटाबेसाचं नाव सहा ठिकाणी होतं. एक एप्रिलला मी शोधा-आणि-बदला करून पाच ठिकाणी नवं नाव घातलं. सहावं एका आतल्या क्वेरीत होतं, शेतकऱ्याला दिलेली उचल वजा करणारं, आणि तिथं कुणीतरी नाव चौकोनी कंसात लिहिलं होतं. माझ्या शोधातून ते सुटलं. जुना डेटाबेस तसाच चालू होता, त्यामुळं एरर यायचा प्रश्नच नव्हता. बऱ्याच शेतकऱ्यांची उचल जुन्या वर्षातून तशीच पुढं आलेली, म्हणून आकडे बरोबरही दिसत होते. दुसऱ्या आठवड्यात एक शेतकरी पट्टी घेऊन भांडायला आला. त्यानं उचल एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात फेडली होती आणि पट्टीवर ती पुन्हा कापलेली होती. त्याच्याकडं पावती होती म्हणून बरं.

तेव्हापासून मी नजरेवर आणि शोधा-बदलावर विश्वास ठेवत नाही. तीन ठिकाणी विचारतो. 'सिस एसक्यूएल एक्सप्रेशन डिपेंडन्सीज' या व्ह्यूत (टेबलासारखी दिसणारी साठवलेली क्वेरी) कुठली प्रोसिजर बाहेरच्या कुठल्या डेटाबेसाकडं बोट दाखवते ते नावासकट मिळतं. पण क्वेरी जर अक्षरं जोडून बनवली असेल तर त्या अक्षरांच्या आत हा व्ह्यू बघत नाही. म्हणून 'सिस एसक्यूएल मॉड्यूल्स'मधल्या मजकुरात 'लाइक' लावून नुसतं '२४_२५' शोधायचं, कंस बाजूला ठेवून. आणि तिसरं, सिनोनिमची (टेबलाला दिलेल्या टोपणनावांची) यादी 'सिस सिनोनिम्स'.

ही तपासणी मुख्य डेटाबेसात झाली की वर्षाच्या डेटाबेसातही करा. वर्षाचा डेटाबेस बहुतेक ठिकाणी जुन्याची नक्कल करून, मग व्यवहार रिकामे करून बनवलेला असतो. त्या नकलेत बसलेले व्ह्यू आणि ट्रिगर (नोंद झाली की आपोआप चालणारा कोड) जुन्याच नावाकडं बघत असतात.

गेटपास आणि खात्यातली नोंद

९१६ आणि २२९ इथं सुटतात. शिरोलीतल्या कारखान्याचं उदाहरण घ्या. गेटपास असेल तर कंपनीच्या आवारात सोडतात. पण मोल्डिंग खात्यात काम करायचं तर त्या खात्याच्या हजेरीवर वेगळं नाव लागतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लॉगिन म्हणजे गेटपास आणि युजर म्हणजे खात्यातली नोंद. नोंद प्रत्येक डेटाबेसात वेगळी. ऑपरेटरची नोंद मुख्यमध्ये आहे, एक एप्रिलला बनलेल्या नव्या डेटाबेसात नाही, आली ९१६. नोंद आहे पण टेबल वाचायची परवानगी नाही, आली २२९. आपण तपासायला बसतो ते ॲडमिनच्या लॉगिननं, आणि त्याला सगळी दारं उघडी. म्हणून "माझ्याकडं तर चालतंय".

ऑपरेटरच्या नजरेनं बघायचं तर 'एक्झेक्यूट ॲज लॉगिन' लिहून त्याचं लॉगिन धारण करा, प्रोसिजर चालवा आणि शेवटी 'रिव्हर्ट' करा. 'ॲज युजर' लिहू नका. युजर धारण केला की तुम्ही त्या एका डेटाबेसाच्या हद्दीत कोंडले जाता, आणि दुसऱ्या डेटाबेसाला हात लावताच ९१६ येते, भले ऑपरेटरला खरोखर परवानगी असली तरी. हीच गोष्ट प्रोसिजरच्या डोक्यावर 'विथ एक्झेक्यूट ॲज ओनर' लिहिणाऱ्यांना नडते.

रात्रीच्या शेड्यूलचं कोडंही हेच. एक्सप्रेसमध्ये एसक्यूएल एजंट नसतो, म्हणून आपण विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून 'एसक्यूएलसीएमडी' चालवतो. ते टास्क कुठल्या विंडोज खात्याखाली चालतं ते बघा. दिवसा तुम्ही असता, रात्री दुसराच कुणी असतो.

आता नावं दिसतात तरी दार उघडत नाही, तो प्रकार. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शहरात चढलं तेव्हा एका गिऱ्हाइकाचं तळमजल्यावरचं मशिन गेलं. बॅकअप पेन ड्राइव्हवर होता, नव्या मशिनवर रिस्टोअर केला, यादीत सगळे युजर दिसले, आणि एकालाही आत जाता येईना. कारण लॉगिन आणि युजर नावानं जुळत नाहीत, आतल्या एका लांबलचक ओळख क्रमांकानं जुळतात. नव्या सर्व्हरवर त्याच नावाचं लॉगिन हातानं बनवलं की त्याला नवा क्रमांक मिळतो. रिस्टोअर झालेल्या युजरकडं मात्र जुनाच. दोघांची नावं सारखी, नातं तुटलेलं. अशा युजरला अनाथ म्हणतात. औषध एका ओळीचं: 'ऑल्टर युजर अमुक विथ लॉगिन = अमुक'. प्रत्येक डेटाबेसात वेगळं चालवायचं, आणि इथंच लोक चुकतात. मुख्यमध्ये चालवतात, वर्षाच्या डेटाबेसात विसरतात. लॉगिन होतं, मेन्यू उघडतो, आणि बिल काढायला गेलं की ९१६. जुलै २०२१ च्या पुरानंतर हेच सगळं पुन्हा केलं. त्या वेळी शहाणा झालो आणि लॉगिन बनवतानाच जुना क्रमांक 'एसआयडी' म्हणून दिला, मग जोडाजोड करायची वेळच आली नाही. विंडोज डोमेनची लॉगिनं असतील तर हा त्रास सहसा होत नाही, त्यांचा क्रमांक डोमेनकडून येतो.

"पण प्रोसिजर चालवायची परवानगी दिलीय ना, मग टेबलाची वेगळी कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. एकाच डेटाबेसात प्रोसिजर आणि टेबल एकाच मालकाचे असतील तर सर्व्हर टेबलाची परवानगी वेगळी तपासत नाही. पण डेटाबेसाची वेस ओलांडली की ही साखळी तुटते. ती जोडून ठेवायची एक सोय आहे, 'डीबी चेनिंग', आणि एसक्यूएल सर्व्हर २००० च्या सर्व्हिस पॅक ३ पासून ती मुद्दाम बंद ठेवलेली असते. अक्षरं जोडून बनवलेली क्वेरी असेल तर साखळी एकाच डेटाबेसातही तुटते.

माझा उपाय साधा, कंटाळवाणा आहे. वर्षाच्या डेटाबेसात एक रोल, म्हणजे परवानग्यांचा गट, बनवायचा, त्याला लागतील तेवढ्याच टेबलांची परवानगी द्यायची आणि ऑपरेटरांना त्या रोलमध्ये घालायचं. नोंद नसलेल्यांनाही आत सोडणारा 'गेस्ट' युजर उघडायचा नाही. ऑपरेटरला 'एसए'चा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या लॉगिनचा, पासवर्ड द्यायचा नाही. 'एसए'चा पासवर्ड वाटून टाकायचा उपाय कोल्हापुरात इतका चालतो की मी नव्या गिऱ्हाइकाकडं गेलो की आधी मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी बघतो.

'डीबी चेनिंग' किंवा 'ट्रस्टवर्दी' (या डेटाबेसावर सर्व्हरनं भरवसा ठेवावा असं सांगणारी सेटिंग) चालू करून एरर जाते हे खरं. पण 'ट्रस्टवर्दी' चालू असलेल्या डेटाबेसाचा मालक 'एसए' असेल, तर त्या डेटाबेसातला 'डीबी ओनर' माणूस साऱ्या सर्व्हरचा मालक होऊ शकतो. आणि रिस्टोअर केला की 'ट्रस्टवर्दी' आपोआप बंद होतं, म्हणजे पुढच्या मशिन बदलाला तीच एरर परत. टेबलाची थेट परवानगी द्यायचीच नाही असा मालकाचा हट्ट असेल तर प्रोसिजरवर सर्टिफिकेटची सही करणं हा बरोबर रस्ता आहे. ते पहिल्यांदा करत असाल तर इथं थांबा आणि ते केलेला माणूस बोलवा.

कोलेशन

कोलेशन म्हणजे मजकूर तोलायचे आणि क्रमानं लावायचे नियम. ४६८ आली की समजायचं, दोन डेटाबेस बहुधा वेगवेगळ्या मशिनवर जन्मलेत. सर्व्हर बसवताना विंडोजची भाषा-प्रांताची सेटिंग बघून कोलेशन सुचवलं जातं. अमेरिकन इंग्रजी असेल तर 'एसक्यूएल लॅटिन१ जनरल सीपी१ सीआय एएस' येतं, दुसरी सेटिंग असेल तर दुसरं काही. दोन कोलेशनचे मजकूर रकाने एकमेकांशी तोलायला गेलं की सर्व्हर विचारतो, कुणाच्या नियमानं तोलू?

दोन्ही डेटाबेस सारखे असूनही ही एरर आली तर टेम्पररी टेबल बघा. ते 'टेम्पडीबी'त बनतं आणि तिथलं कोलेशन सर्व्हरचं असतं. टेम्पररी टेबल बनवताना मजकुराच्या रकान्यापुढं 'कोलेट डेटाबेस डिफॉल्ट' लिहिलं की मिटलं. जॉइनमध्ये लिहायची वेळ आली तर लहान टेबलाच्या बाजूला लिहा, कारण ज्या रकान्यावर कोलेट लावता त्याच्यावरचा इंडेक्स बहुधा वापरला जात नाही. पाच लाख ओळींच्या व्यवहारावर लावलंत तर बिल निघेल, पण चहा पिऊन येईपर्यंत.

सगळ्या सर्व्हरचं कोलेशन बदलायचा मोह झाला तर मशिनपासून हात लांब. त्यासाठी 'मास्टर' डेटाबेस नव्यानं उभारावा लागतो. ते काम डीबीएचं, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या तज्ज्ञाचं.

वर्षाचं नाव बदलत राहणारच, मग?

दरवर्षी प्रोसिजर उघडून नाव बदलणं म्हणजे दरवर्षी माझ्यासारखी चूक करायची संधी. यावर दोन रस्ते आहेत.

पहिला, वर्ष पॅरामीटर म्हणून घेऊन क्वेरी अक्षरांतून बनवायची आणि 'एसपी एक्झेक्यूटएसक्यूएल'नं चालवायची. चार खड्डे सांगतो. डेटाबेसाचं नाव 'कोटनेम'मधून घ्या आणि त्याआधी ते 'सिस डेटाबेसेस'मध्ये आहे याची खात्री करा, नाहीतर पॅरामीटरमधून कुणी वाटेल ते चालवेल. तारीख, खाते क्रमांक असली मूल्यं मजकुरात चिकटवू नका, पॅरामीटर म्हणूनच पाठवा. क्वेरीचा मजकूर 'एनव्हारचार' (युनिकोड मजकुराचा प्रकार) हवा, नाहीतर एरर २१४. आणि मराठी नावं असतील तर अवतरणाआधी 'एन' हवाच, नाहीतर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग छापून येते. चौथा खड्डा लांबीचा. छोटे छोटे 'एनव्हारचार' तुकडे जोडत गेलात तर ४००० अक्षरांवर मजकूर कापला जातो, एररसुद्धा भलतीकडचीच दिसते. एक तरी तुकडा 'एनव्हारचार(मॅक्स)' करा, तोही जोडाजोडीच्या सुरुवातीला.

अशा क्वेरीच्या आत 'यूज' चालतं बरं का. फक्त ती क्वेरी संपली की प्रोसिजर परत आपल्या घरात. आत बनवलेलं टेम्पररी टेबलही तिच्याबरोबरच जातं. बाहेर बनवलेलं आत दिसतं. म्हणून टेबल बाहेर बनवा, आत भरा.

दुसरा रस्ता सिनोनिमचा. एसक्यूएल सर्व्हर २००५ पासून ही सोय आहे आणि मला तीच आवडते. मुख्यमध्ये 'चालू_व्यवहार' नावाचं सिनोनिम बनवायचं, ते 'हिशेब_२४_२५'मधल्या टेबलाकडं बोट दाखवेल. सगळ्या प्रोसिजर 'चालू_व्यवहार'च वापरतील. वर्ष बदललं की सिनोनिम पाडायचं आणि नवं बनवायचं. सिनोनिमला 'ऑल्टर' नाही. अख्ख्या डेटाबेसाचं सिनोनिम होत नाही, एकेका टेबलाचंच होतं, म्हणून दहा टेबलं असतील तर दहा सिनोनिम. ते काम करणारी एक छोटी स्क्रिप्ट मी ठेवलीय. मागचं वर्ष आणि चालू वर्ष एकाच अहवालात लागत असेल तर 'मागील_व्यवहार' असं दुसरं. पण वापरणाऱ्याला सात वर्षांतलं कुठलंही वर्ष निवडायचं असेल तर सिनोनिम पुरत नाही, पहिलाच रस्ता धरावा लागतो.

एकाकडं लिहिलं, दुसरीकडं नाही

एकाच इन्स्टन्सवरचे दोन डेटाबेस असतील तर एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल किंवा काहीच नाही अशा गठ्ठ्यात) दोन्हीकडं लिहिता येतं, आणि मागं घेतलं तर दोन्हीकडचं मागं जातं. वेगळं काही बसवावं लागत नाही. तरीही एकीकडंच नोंद दिसत असेल तर 'ट्राय कॅच' आणि 'एक्सॲक्ट अबॉर्ट ऑन' आहे का ते आधी बघा.

खरी गोम बॅकअपमध्ये असते. मुख्यचा बॅकअप रात्री नऊचा, वर्षाचा दहाचा. वीज गेली, डिस्क गेली, दोन्ही रिस्टोअर केले, आणि मधल्या तासात जोडलेला नवा खातेदार मुख्यमध्ये नाही, त्याचे व्यवहार मात्र आहेत. दोन डेटाबेसांमध्ये फॉरिन की (एका टेबलातली नोंद दुसऱ्यात असलीच पाहिजे अशी अट) लावता येत नाही, त्यामुळं सर्व्हर याबद्दल अवाक्षर काढत नाही. बिल त्या खातेदाराला वगळून निघतं. रिस्टोअरनंतर असे बिननावाचे व्यवहार शोधणारी क्वेरी चालवाच. दोन्ही डेटाबेस एकाच क्षणाला आणायची सोय आहे, 'फुल' रिकव्हरी मॉडेल आणि खूण केलेलं ट्रान्झॅक्शन वापरून, पण ती घटना घडण्याआधी मांडून ठेवावी लागते. रिस्टोअर करायच्या दिवशी ती पहिल्यांदा वाचत असाल तर मशिन बंद करा आणि जाणकार बोलवा. घाईत केलेला दुसरा रिस्टोअर पहिल्या अपघातापेक्षा जास्त नुकसान करतो.

दुसऱ्या मशिनवरचा डेटाबेस

फाउंड्रीचा प्लांट शिरोलीत आणि ऑफिस गावात, दोन्हीकडं सर्व्हर, मधे लिंक्ड सर्व्हर (एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडं जाणारी जोडणी) आणि आधी सर्व्हरचं नाव लावलेलं चौपदरी नाव. इथं मी थोडक्यातच सांगतो, कारण इथं मीही मदत मागतो. एरर ७३९१ आली तर ट्रान्झॅक्शन दोन मशिनवर पसरलंय आणि विंडोजची एमएसडीटीसी (अनेक मशिनवरचं ट्रान्झॅक्शन जुळवणारी) सेवा, फायरवॉल यांच्यात अडलंय. "एनटी ऑथॉरिटी, ॲनॉनिमस लॉगऑन" असं नाव दिसलं तर तुमची ओळख दुसऱ्या मशिनपर्यंत पोचताना हरवलीय. ही दोन्ही कामं नेटवर्कवाल्याला बरोबर घेऊनच करा. फक्त वाचायचं असेल तर ट्रान्झॅक्शनच्या बाहेर वाचून टेम्पररी टेबलात आणा, निम्मा त्रास संपतो.

डेटाबेस अझुर एसक्यूएल डेटाबेसवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, हलवला असेल तर दुसऱ्या डेटाबेसाचं तिहेरी नाव तिथं चालतच नाही, एरर ४०५१५ येते. प्रोसिजरमध्ये चूक शोधत बसू नका, रचनाच बदलावी लागेल. अव्हेलेबिलिटी ग्रुप (डेटाबेसाची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर तयार ठेवायची सोय) असेल आणि सर्व्हर २०१६ च्या सर्व्हिस पॅक २ च्या आधीचा असेल तर एकाच इन्स्टन्सवरचं दोन डेटाबेसांचं ट्रान्झॅक्शनसुद्धा तिथं अधिकृतपणे चालत नाही. असलं सेटअप ज्यांच्याकडं आहे त्यांच्याकडं डीबीएही असतो; त्यांना फोन करा, मला नको.

एकतीस मार्चला माझा क्रम ठरलेला आहे. संध्याकाळी दोन्ही डेटाबेसांचा बॅकअप, नवा डेटाबेस, त्यात रोल आणि युजर, मग सिनोनिमची स्क्रिप्ट, मग जुन्या नावाचा शोध. शेवटी जुना डेटाबेस 'रीड ओन्ली' करतो, म्हणजे चुकून त्याच्यात लिहायला गेलेली प्रोसिजर निदान ओरडते तरी. चुकून वाचणारी ओरडत नाही, म्हणून एका ठरलेल्या खात्यावर नव्या वर्षात एक रुपयाची नोंद टाकून बिल काढतो, ऑपरेटरच्या लॉगिननं. तो रुपया बिलावर दिसला की नोंद पुसतो आणि शटर ओढतो.